देव न मानणाऱ्याने नेमकं काय समजावून सांगायचं?

खाडीकाठ (धागाकर्ती):

बाबा गेले त्याला आज एकवीस दिवस झाले. वय ८१. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. ते देव मानत नव्हते. मीही मानत नाही. आई मानते. भाऊ कधी इकडे, कधी तिकडे.

बाबांनी बारा वर्षांपूर्वीच देहदानाचा अर्ज भरून ठेवला होता. पहाटे चारला गेले. सातच्या सुमारास नेत्रपेढीची माणसं येऊन गेली आणि साडेदहाला वैद्यकीय महाविद्यालयाची गाडी आली. अग्नी नाही, अस्थी नाहीत, दहावा नाही, तेरावा नाही. ही त्यांची इच्छा होती आणि आम्ही ती पाळली.

त्या रात्री आत्याने, जिथे बाबांचा पलंग होता तिथे ताटात तांदळाचं पीठ पसरलं, शेजारी पणती लावली आणि पिठावर वेताची टोपली पालथी घातली. आमच्याकडे ही रीत आहे. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला, त्याचं पाऊल पिठावर उमटतं म्हणतात. सकाळी तिने टोपली उचलली. पिठाच्या एका कडेला तीन बारीक रेघा होत्या, एका टोकाला जुळलेल्या, दुसऱ्या टोकाला फाकलेल्या. "पक्ष्याचं पाऊल आहे," आत्या म्हणाली. "दादा पक्ष्याच्या जन्माला गेला." मला त्या रेघा टोपलीच्या सुटलेल्या काड्यांनी उठल्यासारख्या दिसल्या. मी काही बोलले नाही. ती रडत होती.

पण पुढचे बारा दिवस घरात जो आला त्याने मला गाठून विचारलं. तुम्ही काहीच कसं करत नाही? एक काका तर रोज संध्याकाळी समोर बसायचे. "तू नास्तिक आहेस ना, मग सांग, माणूस मेल्यावर कुठे जातो? हे जग कोणी केलं? पाप-पुण्य नसेल तर माणसाने चांगलं का वागायचं?" बी.एस्सी.ला जेवढं शिकले आणि पुढे जेवढं वाचलं त्याच्या जोरावर उत्तरं देत राहिले. तेराव्या दिवशी लक्षात आलं की सगळे प्रश्न मलाच विचारले गेले. तीन रेघा म्हणजे पक्षी कसा, हे आत्याला कोणीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण मग मलाच का?

देव न मानणाऱ्याला काही समजावून सांगावं लागतं का? की ती जबाबदारी मानणाऱ्याचीच? खरंच विचारतेय. माझ्या बाजूनेच लिहा असं नाही.

येऊरची_वाट:

आधी बाबांना आदरांजली.

माझं उत्तर सरळ आहे. नाही, काही सांगावं लागत नाही. आम्ही ठाण्यात येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला राहतो. वॉचमनने सांगितलं की पार्किंगमध्ये बिबट्या दिसला, तर पुरावा कोणी द्यायचा? वॉचमनने. "मला काही दिसलं नाही" म्हणणाऱ्याने काय दाखवायचं? २० फेब्रुवारी २०१९ ला पहाटे समतानगरच्या मॉलमध्ये बिबट्या शिरला होता, आठवत असेल. सुरुवातीला ऐकणाऱ्यांचा विश्वास बसेना. मग सीसीटीव्हीतलं चित्र आलं, आणि दुपारपर्यंत त्याला जवळच्या हॉटेलच्या आवारातून भूल देऊन पकडलं. त्यानंतर बिबट्यावर 'श्रद्धा' ठेवायची गरज कोणालाच उरली नाही. असं एक चित्र देवाचं दाखवा, मी आजच मानतो. तोवर माझ्याकडे खुलासा मागू नका.

अबोली:

खाडीकाठ, वाईट वाटलं वाचून. मी मानणाऱ्यांपैकी आहे. रात्री सविस्तर लिहिते.

पारसिक:

मीही देव मानत नाही. तरी येऊरची_वाट यांचं उत्तर मला अर्धवट वाटतं, आणि आपल्या बाजूची माणसं नेहमी इथेच घसरतात.

बिबट्याचंच घ्या. एकजण म्हणतो, "बिबट्या आहे हे मला पटलेलं नाही." त्याच्यावर काही भार नाही, मान्य. दुसरा म्हणतो, "पार्किंगमध्ये बिबट्या नाही." हा आता त्या पार्किंगबद्दल बोलतोय. त्याला विचारता येतं की बाबा रे, कुठे कुठे पाहिलंस? गाड्यांखाली बॅटरी मारलीस का? तिसरा म्हणतो, "ठाण्यात बिबट्या असूच शकत नाही." त्याला तर बरंच काही सांगावं लागेल, आणि तो चुकलेलाही असेल.

देवाच्या बाबतीत आपण चारचौघांत तिसऱ्यासारखं बोलतो आणि कोणी प्रश्न विचारला की पहिल्याच्या जागी जाऊन बसतो. "देव वगैरे सगळं थोतांड" हे विधान आहे, आणि विधान करणाऱ्याने कारण द्यायला हवं.

मला वाटतं कारण देता येतं. सर्वशक्तिमान, सर्वज्ञ आणि दयाळू अशा देवाबद्दल मी "नाही" असं ठाम म्हणतो आणि त्याचं कारणही देतो. कारण आहे लहान मुलांचे आजार. ज्याला थांबवता येतं, ज्याला कळतं आणि ज्याला कळवळा आहे, तो थांबवत नाही, यातलं काहीतरी एक खोटं असलं पाहिजे. पण जगाच्या मुळाशी काहीतरी आहे, ज्याला नाव नाही, जे कोणाची प्रार्थना ऐकत नाही, असं म्हणणाऱ्याला मी "नाही" म्हणू शकत नाही. तिथे मी पहिल्या माणसाच्या जागी आहे आणि तसं मी सांगतो.

आणखी एक. भगतसिंगांनी १९३० मध्ये लाहोरच्या तुरुंगात आपण नास्तिक का आहोत यावर निबंध लिहिला. त्यांच्यावर आरोप होता की हा अहंकाराने देव सोडून बसलाय. फाशी समोर असलेल्या माणसाला म्हणता आलं असतं की मला काही सांगायचं नाही. पण त्यांनी पानंच्या पानं लिहून खुलासा केला. कोणी मागितला म्हणून नुसता नाही. आपण कशावर उभे आहोत हे स्वतःलाही तपासायचं होतं, असं तो वाचताना वाटतं.

येऊरची_वाट:

पारसिक, दुसरा आणि तिसरा हा फरक मान्य. पण रोजच्या बोलण्यात "देव नाही" याचा अर्थ "आहे म्हणायला काही कारण दिसत नाही" एवढाच असतो. "भुतं नाहीत" म्हणतो तेव्हा आपण कुठे प्रत्येक पिंपळाखाली शोधून आलेलो असतो?

पारसिक:

भुतांच्या बाबतीत लोक पिंपळाखाली रात्र रात्र जाऊन बसले आहेत, म्हणून आपण निर्धास्तपणे "नाही" म्हणतो. कोणीतरी शोधलेलं असतं.

जुने_गुरुजी:

मी नेरूळला राहतो. पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. धागाकर्तींच्या वडिलांना माझेही वंदन.

आपण सगळे 'नास्तिक' हा शब्द 'देव न मानणारा' या अर्थाने वापरतो आहोत. मूळ अर्थ तो नव्हे. पाणिनीच्या ४.४.६० या सूत्रावरचे टीकाकार सांगतात, परलोक आहे अशी ज्याची मती तो आस्तिक, नाही अशी ज्याची मती तो नास्तिक. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात वेदांची निंदा करणाऱ्याला नास्तिक म्हटले आहे. दोन्हीकडे ईश्वराचा उल्लेखही नाही.

याचा परिणाम पाहा. मीमांसक कट्टर आस्तिक, वेदाचा शब्द प्रमाण मानणारे. पण जगाचा कर्ता ईश्वर त्यांना मान्य नाही. सातव्या शतकातला कुमारिलभट्ट विचारतो की सृष्टीच नव्हती तेव्हा प्रजापती कुठे उभा होता? दुःखाने भरलेले जग निर्माण करण्याची इच्छा त्याला का व्हावी? हे प्रश्न आज कोणी नाक्यावर विचारले तर लोक त्याला नास्तिक म्हणतील. तोच कुमारिल श्राद्ध मात्र एक दिवस चुकवणार नाही. यज्ञाचे फळ देव प्रसन्न होऊन देत नाही. कर्मातूनच 'अपूर्व' नावाचे काही उपजते आणि ते फळ देते, असे त्यांचे म्हणणे.

म्हणजे देव मानणे आणि दहावा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धागाकर्तींच्या घरातला वाद ईश्वराविषयी नव्हताच, असे मला वाटते. तो परलोकाविषयी होता. वडील कुठेतरी आहेत आणि आपण काही केले तर ते त्यांच्यापर्यंत पोचते, हे आत्याबाईंचे म्हणणे. पोचत नाही, हे तुमचे.

या प्रश्नावर आपल्याकडच्या नास्तिकांनी मौन पाळलेले नाही. लोकायतांचे, म्हणजे चार्वाकांचे, ग्रंथ आज जवळजवळ उरले नाहीत, त्यांचे म्हणणे विरोधकांच्या पुस्तकांतून वाचावे लागते. पण चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहात त्यांचा युक्तिवाद आहे. श्राद्धाने मेलेल्याची तृप्ती होत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून देता? घरी पान वाढा, त्याचे पोट वाटेत भरेल. आणि चैतन्य कुठून आले याचे उत्तरही ते देतात. किण्व म्हणजे खमीर. ज्या द्रव्यांपासून मद्य होते त्यांतल्या एकेका द्रव्यात नशा नसते, पण ती एकत्र येऊन आंबली की मदशक्ती उपजते. तसे पृथ्वी, आप, तेज, वायू या चार भूतांपासून चैतन्य. पटो न पटो, "मी काही सांगणार नाही" असे ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या बाजूचेही सांगतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात १२९ वे सूक्त आहे, नासदीय. सृष्टी कुठून झाली हे सांगता सांगता ऋषी म्हणतो की देवसुद्धा नंतरचे, मग कोणाला ठाऊक? आणि अखेरीस म्हणतो, जो परम आकाशात याचा अध्यक्ष आहे त्याला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल. 'माहीत नाही' हे उत्तर फक्त नास्तिकांच्या मालकीचे नाही.

खाडीकाठ (धागाकर्ती):

गुरुजी, शिदोरीचं वाचून मी थांबलेच. बाबा जवळजवळ हेच म्हणायचे, फक्त त्यांचा दाखला डब्याचा असायचा. "मी दुसऱ्या पाळीला गेलो आणि तुम्ही घरी माझ्या नावाने जेवलात तर माझं पोट भरतं का?"

उपवन:

मी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कामात बरीच वर्षं आहे. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध पितो ही बातमी ठाण्यात सकाळीच पसरली. माझी आई लोटी घेऊन दोन तास रांगेत उभी होती, नौपाड्यातल्या एका देवळाबाहेर. मी तेव्हा तेवीस वर्षांचा. मी तिच्याशेजारी उभा राहून बघितलं. भरलेला चमचा सोंडेला लावला की दुधाची कड वर ओढली जायची आणि पातळ थर मूर्तीवरून खाली सरकायचा. दगड आधीच ओला, दूध पांढरं, मूर्ती पांढरी. तो थर कोणाला दिसत नव्हता. खाली मोरीतून मात्र दूध वाहत होतं.

त्या आठवड्यात आम्ही जिथे बोलावलं तिथे जाऊन दुधात कुंकू मिसळून दाखवलं. लाल रेघ सोंडेवरून पोटावर, पोटावरून पायाशी. पृष्ठताण म्हणजे काय, केशाकर्षण म्हणजे काय, हे त्या रेघेवर बोट ठेवून सांगता आलं.

आता धाग्याचा प्रश्न. नियमाने बघितलं तर आमच्यावर काही भार नव्हता. दावा त्यांचा होता. "सिद्ध करा" म्हणून घरी बसता आलं असतं. पण मग आईने माझं का ऐकलं असतं? तिने स्वतःच्या डोळ्यांनी चमचा रिकामा होताना पाहिला होता. तिला "ते खोटं आहे" म्हणणं म्हणजे तूच खोटी म्हणण्यासारखं होतं. चमचा का रिकामा होतो हे दाखवल्यावर तिच्या डोळ्यांचा मान राहिला. ती पुढेही गणपती मानत राहिली, दीड दिवसाचा आणत राहिली. आमचा त्याला विरोध नव्हता. समितीची भूमिका तेव्हाही हीच होती आणि आजही आहे, की देव-धर्म मानणं न मानणं हा ज्याचा त्याचा प्रश्न, शोषण आणि फसवणूक हा सगळ्यांचा प्रश्न. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. देव मानू नका असं त्या कायद्यात कुठेही नाही.

ज्याला समजावून सांगावं लागतं ती त्याच्यावर शिक्षा नसते. समोरच्याला आपण आपल्या बरोबरीचा मानतो म्हणून आपण समजावतो.

कोर्टनाका:

वकिलीच्या अंगाने थोडक्यात. कायदा यात कोणालाही खुलासा मागत नाही.

साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहिला की ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन, म्हणजे देवाचं नाव न घेता खरं बोलण्याची ग्वाही, करू शकतो. १९६९ च्या शपथ कायद्यात दोन्ही आहे आणि दुसरं निवडलं तर "का?" असं कोणी विचारत नाही. साक्षीचं वजन दोन्हीचं सारखं. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ मध्ये आधी सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, मग धर्म आचरण्याचं. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की "मला कोणताही धर्म नाही" असं म्हणण्याचा हक्क याच अनुच्छेदात येतो आणि शासन कोणाला धर्म सांगायला भाग पाडू शकत नाही. २०११ च्या जनगणनेत २८ लाख ६७ हजार लोकांची नोंद 'धर्म सांगितलेला नाही' अशी आहे. ते सगळे नास्तिक आहेत असं मात्र कोणी समजू नये. न सांगण्याची कारणं हजार असतात.

एक गंमत नाही, वस्तुस्थिती: १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा हिंदू घरात जन्मलेल्या नास्तिकालाही लागू होतात. देव मानता का हा प्रश्न तिथे येतच नाही.

देहदानाचं मात्र जपून. अर्ज भरलेला असला तरी मृत्यूनंतर देह सोपवतात ते नातेवाईक. घरातलं कोणी आडवं आलं की अर्ज कपाटातच राहतो. म्हणजे त्या एका ठिकाणी घरच्यांना पटवून ठेवावंच लागतं, आणि तेही जिवंतपणी.

बंदरावरची:

मी बेलापूरकडची, कोळ्यांची मुलगी. आमच्याकडे हा वाद कधी झालाच नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. मग नारळी पौर्णिमेला पप्पा दर्याला सोन्याचा मुलामा दिलेला नारळ वाहतात. आणि बोट काढण्याआधी हवामान खात्याचा इशारा बघतात, डिझेल मोजतात, लाइफ जॅकेट मोजतात. दर्या देव आहे का असं विचारलं तर म्हणतील, "दर्या दर्या हाय." मी इंजिनिअर झाले, नारळाने वादळ थांबतं असं मला वाटत नाही. पप्पांनाही तसं वाटत नसावं, नाहीतर जॅकेट कशाला मोजली असती? तरी नारळ वाहताना मी टोपली धरायला उभी असते.

अबोली:

उशीर झाला लिहायला.

मी वारकरी घरातली. वाशीला राहते. माझ्या मुलाला चार वर्षांपूर्वी मेंदूज्वर झाला होता. अकरा दिवस अतिदक्षता विभागाच्या बाहेर बाकावर होते. रात्री तिथला दिवा बंद करत नाहीत, डोळ्यांवर पदर घेऊन पडायचं. त्या अकरा दिवसांत मी हरिपाठ किती वेळा म्हटला याला हिशोब नाही. मुलगा वाचला. डॉक्टरांनी वाचवला, औषधांनी वाचवला, हे मला कळतं. शेजारच्या बाकावरची बाईसुद्धा नाव घेत होती आणि तिची मुलगी गेली. हेही मी विसरलेले नाही. पारसिकने लहान मुलांच्या आजारांचं लिहिलंय ते मी तिथे बसून स्वतःला विचारलेलं आहे. माझ्याकडे त्याचं उत्तर नाही.

मग मी का मानते? कारण माझं मानणं हे पार्किंगमधल्या बिबट्यासारखं नाही. मी कोणाला सांगत नाही की अमुक ठिकाणी अमुक वस्तू आहे, येऊन बघा. मी त्या रात्री कोणाशी तरी बोलत होते, आणि ते बोलणं होतं म्हणून उभी राहू शकले. तुकोबांनीही देवाशी भांडण काढलंय, तो माझ्या लेखी मेला म्हणून टाकलंय, आणि पुन्हा त्याच्याकडेच गेलेत. नातं असं असतं. त्याचा पुरावा काय द्यायचा?

पण हे फक्त माझ्यापुरतं. ज्या क्षणी मी तुम्हाला सांगेन की तुम्हीही उपास करा नाहीतर मुलाला काही होईल, त्या क्षणी तुम्ही माझ्याकडे पुरावा मागा. हक्काने मागा. खाडीकाठ, तुमचे काका तेच करत होते. त्यांना त्यांच्यासाठी काही नको होतं, तुमच्याकडून काही करून घ्यायचं होतं. तेव्हा खुलासा त्यांनी द्यायला हवा होता.

आता एक विचारते, रागावू नका. तुमच्या सगळ्या लिखाणात आई एकदाच आली आहे. "आई मानते." तीनच दिवस झाले असतील किंवा तेरा, तिला काय हवं होतं हे कोणी विचारलं का? बाबांची इच्छा पाळली हे बरोबरच केलंत. पण तिच्यासाठी जे बंद झालं ते तुमच्या न मानण्यामुळेही बंद झालं. तिथे तुम्हाला काही सांगावं लागेल. काकांना नाही. तिला.

पारसिक:

अबोली, तुमच्या प्रतिसादातल्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. नात्याबद्दल मात्र एक शंका राहते. ज्याच्याशी नातं आहे तो आहे का, हा प्रश्न नात्याने सुटत नाही, फक्त बाजूला राहतो. पण तुम्ही तो कोणावर लादत नाही, म्हणून मीही ताणत नाही.

येऊरची_वाट:

मी पहिल्या प्रतिसादात जरा घाईने लिहिलं. "माझ्याकडे खुलासा मागू नका" हे मी इथे बसून लिहू शकतो. माझ्या सासूबाई आजारी असताना मी देवघरातली समई लावायला नकार दिला होता. बायको काही बोलली नव्हती. आज संध्याकाळी तिला विचारलं. आठ वर्षांनी तिला सगळं जसंच्या तसं आठवतंय.

जुने_गुरुजी:

समई लावण्याने आपण आस्तिक होत नाही. मीमांसकाला विचारा.

खाडीकाठ (धागाकर्ती):

पाच दिवस इथे आले नाही. अबोली, रागावले नाही, पण तुमचा प्रश्न वाचून फोन खाली ठेवला आणि उठले.

आईला विचारलं नव्हतं. बाबांचा अर्ज तिला माहीत होता, बारा वर्षांपूर्वी साक्षीदार म्हणून तिचीच सही आहे त्यावर, म्हणून आम्ही धरून चाललो की तिचं काही म्हणणं नाही. तेरा दिवस मी काकांना महास्फोट आणि उत्क्रांती सांगत होते आणि ती आतल्या खोलीत येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा बघत होती.

परवा दुपारी आम्ही दोघी तलावपाळीला गेलो. बाबा रोज संध्याकाळी ज्या बाकावर बसायचे तिथे बसलो. मी तिला म्हटलं, तुला दहावा करायचा होता का? ती बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, "कावळ्याचं मला काही नाही गं. तुझ्या आजोबांच्या वेळी कावळा दोन तास शिवला नव्हता, मला नको होतं ते पुन्हा. पण माणूस जातो तेव्हा शेवटी हातात काहीतरी राहतं. राख राहते, अस्थी राहतात, त्या कुठेतरी नेऊन सोडायच्या असतात. ते गाडीत बसून गेले आणि माझ्या हातात एक पावती राहिली."

मग तिने मला विचारलं, आणि हा प्रश्न काकांच्या कुठल्याही प्रश्नापेक्षा कठीण होता. "तू मानत नाहीस. ते कुठेच नाहीत असं तुला वाटतं. मग सकाळी त्यांच्या फोटोला हार कोणासाठी घालतेस?"

मी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. म्हटलं, ते कुठे आहेत असं मला वाटत नाही. पण ते होते, हे कधी बदलणार नाही. त्यांनी मला वर्नियर कॅलिपर धरायला शिकवलं, काट्यावरची रेघ डोळ्यासमोर सरळ धरायची, तिरकी बघितलीस तर माप चुकतं. ते माझ्या हातात आहे. हार त्या आठवणीला घालते, म्हणजे माझ्याकडून विसरलं जाऊ नये म्हणून. नीट सांगता आलं नाही. दोनदा शब्द अडले. ती म्हणाली, "एवढं मला तेव्हाच सांगितलं असतंस तर बरं झालं असतं."

माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर मला मिळालं असं म्हणणार नाही, पण तो प्रश्न मी चुकीच्या माणसासमोर सोडवत बसले होते. काकांना मी काही देणं लागत नव्हते, अजूनही नाही. आईला लागत होते. ती मानते म्हणून तिने मला अग्नी द्यायला भाग पाडलं असतं, तर तीही माझं देणं लागली असती. जो दुसऱ्याच्या हातातलं काही काढून घेतो किंवा दुसऱ्याच्या हातात काही कोंबतो, त्याने सांगायचं. देव मानतो की नाही, त्याने फरक पडत नाही.

आत्यालाही फोन केला. रेघांबद्दल काही बोलले नाही. ती पक्ष्याचं पाऊल म्हणते, म्हणू दे. माझ्याकडून ती काही मागत नाहीये.

उपवन:

आईंना सांगा, अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाची मुलं शरीररचनाशास्त्राचं काम सुरू करण्याआधी देहासमोर उभं राहून शपथ घेतात, की या देहाचा मान ठेवू आणि शिकलेलं रुग्णांच्या कामी आणू. बाबांच्या समोरही मुलं अशी उभी राहिली असतील किंवा राहतील. महाविद्यालयाला पत्र लिहून विचारता येईल.

खाडीकाठ (धागाकर्ती):

हे आईला वाचून दाखवलं. तिने पत्र स्वतः लिहायला घेतलंय.

बंदरावरची:

मला अर्जाची माहिती हवी होती, पप्पा विचारत होते.

खाडीकाठ (धागाकर्ती):

जवळच्या सरकारी किंवा पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मिळतो. जवळच्या नातेवाईकांच्या सह्या साक्षीदार म्हणून घ्या, कारण शेवटी देह त्यांनाच सोपवायचा असतो. कोर्टनाका यांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं. घरातल्या प्रत्येकाला आधी सांगा. मृत्यू झाल्यावर डॉक्टरांचा दाखला लागतो. शवविच्छेदन झालेलं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असतील तर देह घेत नाहीत. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत, तोवर पंखा बंद ठेवायचा आणि डोळ्यांवर ओला कापूस ठेवायचा. विभागाचा फोन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, त्या वेळी काही सापडत नाही.

भावाने आणि मी दोघांनीही अर्ज भरले. आईने भरलेला नाही. मला जवाहर बागेच्या स्मशानातच न्या आणि दहावा करा, असं तिने आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलंय. पिंडाला कोण बसणार तेही तिनेच ठरवलं, मी. दोघांनीही हो म्हटलं आहे.